मुकी पट्टी

कामठी ते नागपूर, तीस वर्षं नागसेन रंगारीच्या सवारी ऑटोत एकाच जोडीची गाणी वाजली. बाबूलाल आणि गोविंदा, दोघेही कामठीचे. जयंती असो की कोणाचा गृहप्रवेश, यांची गायन पार्टी आली की माणसं झाडावर चढून ऐकत. कॅसेट गेली, पेन ड्राइव्ह आला, गाणी तीच. कोणी दुसरं काही लावायला सांगितलं, तर नागसेन त्याला खुशाल उतरवून द्यायचा.

तो स्वतःही गायचा. सक्करदऱ्याच्या घरात एक जुनी पेटी होती. तिची मधली एक पांढरी पट्टी मुकी. दाबली की नुसती हवा जायची. नव्वद साली आई गेली, तेव्हा त्याने तिच्यावर गाणं बांधलं. छप्पनच्या धम्मदीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं नेसून, थोरल्या पोराला कडेवर घेऊन पायी गेलेली माय. चालीत 'माय' या शब्दाच्या आधी नेमकी तीच पट्टी येई. पेटी तिथे गप्प व्हायची, मग तोही गप्प राहू लागला. एक सूर रिकामा जायचा. त्याची बायको इंदू त्या जागी भाकर थापायची थांबत असे.

तेच गाणं घेऊन तो बुद्धजयंतीच्या स्पर्धेत उभा राहिला. परीक्षकांनी माइकवरूनच सांगितलं, पेटी बिघडली असेल तर आधी दुरुस्त करा, लोकांना बिघाड ऐकवू नका. मंडप खो खो हसला. हसायला काय जातं, दात सगळ्यांनाच असतात. नवऱ्याचं झालेलं हसं इंदूला पाहवलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिने पेटी रिक्षात घालून दुरुस्तीला नेली. पट्टी बोलू लागली, गाण्यातली रिकामी जागा भरली आणि गाणं चारचौघांसारखं झालं. नागसेनने पेटीवर चादर टाकली. मोठ्यांचं ऐकावं आणि आपण आपला ऑटो चालवावा, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

मागच्या वर्षी बाबूलाल गेले. प्रताप नगरात एका सभागृहात श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, तिथे ऐंशी वर्षांच्या गोविंदादादांनी एक टेप ऐकवली. दोघांनी तरुणपणी घरीच भरलेली, आजवर घराबाहेर न गेलेली. गाणं बापावरचं होतं. तिसऱ्या ओळीत 'बाप' म्हणायच्या आधी एक सूर रिकामा गेला, आणि नागसेन खुर्चीतून अर्धा उठला. वळण तेच, थांबणं तेच. दादा सांगत होते, त्या काळी आमच्या पेटीची एक पट्टी मुकी होती. मी दुरुस्तीला काढली तर बाबूलालने हात धरला, म्हणाला, राहू दे, तिथे बाप बसला आहे. सभागृह रडलं. सूत्रसंचालन करणाऱ्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, याला प्रतिभा म्हणतात. त्याच जागेला कोणे एके काळी बिघाड म्हणत असत, हे त्यांना कोण सांगणार?

नागसेनला मात्र राग आला नाही. आनंदच असा झाला की पाय जमिनीवर ठरेनात. ज्यांना जन्मभर डोक्यावर घेतलं, ते आणि आपण एकाच दगडाला ठेचकाळून एकाच जागी थांबलो होतो. तो तसाच मंचावर गेला, दादांच्या पाया पडला आणि म्हणाला, "दादा, माह्याही पेटीची तेच पट्टी मुकी होती. मीबी असंच गाणं बांधलं होतं, मायवर. नव्वद साली."

दादांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. समोर माइक होताच.

"मले राग नाही गा बाबू," ते प्रेमाने म्हणाले. "पोट्टे आमचं नाही उचलतीन तं कोनाचं उचलतीन? तुले माफ हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. जी टेप घराबाहेरच गेली नव्हती, ती या ऑटोवाल्याने उचलली कुठून, हे त्या टाळ्यांत कोणालाच सुचलं नाही. परीक्षकांनी हसं केलं तेव्हा नागसेनला लाज वाटली होती. देवमाणसाने माफ केलं तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो हात जोडून खाली उतरला.

पुढचे आठ दिवस, सभागृहात कोणीतरी भरून घेतलेलं बापाचं ते गाणं वस्तीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर वाजत होतं. इंदूही स्वयंपाक करताना तेच लावायची. तिला कार्यक्रमातलं त्याने काही सांगितलं नव्हतं. तिला सांगायची गरजच काय, तिने तर मूळ गाणं कानांनी ऐकलं होतं. जगात एवढा एकच साक्षीदार उरला होता, आणि तो घरातच होता.

एका दुपारी त्याने पेटीवरची चादर काढली, झाकण उघडलं आणि त्या पट्टीखालच्या हवेच्या भोकात कागदाचा बोळा कोंबला. पट्टी पुन्हा मुकी झाली. मग आवाज लागेल तसा तो मायचं गाणं गायला. 'माय'च्या आधी सूर रिकामा गेला, आणि आत भाकर थापायचा आवाज थांबला.

नागसेन दाराकडे वळला. इंदू पिठाच्या हातांनी दारात आली. तिचे डोळे भरले होते.

"किती चांगलं बसवलं जी तुमी त्यायचं गाणं," ती म्हणाली. "बापाच्या जागी माय केली फक्त."

नागसेनने पेटीचा भाता लावला आणि भाकर झाली का, एवढंच विचारलं.