तिखट सोडलेला माणूस

दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्या सोसायटीत चंदा गजभिये हे नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. पण 'दांतवाली आंटी' म्हटलं की गेटवरचा गार्ड न विचारता लिफ्टकडे बोट दाखवायचा. दात आंटींचे नव्हेत, त्यांच्याकडे उतरणाऱ्यांचे. विलायतेतून, ऑस्ट्रेलियातून, कुठून कुठून माणसं दात करून घ्यायला दिल्ली गाठायची. त्यांच्या देशात दातांना हात लावायचा म्हणजे घर गहाण टाकायची पाळी, असं ती माणसंच सांगायची. विमानाचं भाडं धरूनही दिल्ली परवडायची. सोसायटीच्या मागच्या मार्केटात डॉक्टर राधाचं क्लिनिक होतं. हॉटेलात उतरलं तर पुढ्यात नान आणि टिक्का येणार, आणि नुकत्याच दाढा काढलेल्या माणसाने नान चावायचा तरी कसा? म्हणून डॉक्टर राधा आपले पाहुणे चंदाकडे धाडायची. मुलगी समता लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती.

आणि ज्या घरातून जगभरची तोंडं दुरुस्त होऊन गेली, त्याच घरात, त्याच टेबलाशी बसून, घरच्या माणसाचं तोंड बंद होत गेलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. आज चंदाचा नवरा, बाबूराव गजभिये, नाकातल्या नळीवर जगतायत आणि किती दिवस जगतील ते डॉक्टर सांगत नाहीत. चंदाला भेटायला येणारे धीर देतात, हे बघा, ते बघा, सांगतात. तिच्या कानात काही शिरत नाही. तिच्या डोक्यात एकच प्रश्न भुंग्यासारखा फिरतो : मला दिसलं कसं नाही?

बाबूराव मूळचे नागपूरचे. नोकरीसाठी तरुणपणी दिल्लीला आले आणि मंत्रालयातल्या फायलींमध्ये केस पांढरे करून रिटायर झाले. दारू नाही, पत्ते नाहीत, वर्षातून एकदा दीक्षाभूमीला जाऊन येणं सोडलं तर कुठे जाणं नाही. एकच शौक, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला तो ऐवज नागपुरात पानटपरीवर चहासारखा मिळतो, पण दिल्लीत तो तसा मिळायचा नाही. मग गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत संत्र्याच्या बर्फीबरोबर खर्र्याच्या पुड्या असायच्या. पुतण्या केतन निघाला की चंदा स्वतः फोन करून सांगायची, "बाकी काही नाही आणलंस तरी चालेल रे, काकांचा खर्रा विसरू नको." नवऱ्याच्या एवढ्या साध्या हौशीला नाही कशाला म्हणायचं, असं तिला वाटायचं. पाहुण्याच्या हाताने खर्रा धाडणं म्हणजे आपल्याकडे माया. त्या मायेचं काय झालं ते आता दिसतंच आहे.

बाबूरावांचं दुसरं व्यसन म्हणजे चंदाच्या स्वयंपाकाला नावं ठेवणं. रस्सा केला की वरची लाल तर्री कुठाय, वांगं केलं की तिखट कुठाय, ठेचा केला की हा काय मोरांबा आहे का. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण 'छान झालंय' हे दोन शब्द त्या माणसाच्या तोंडून कधी बाहेर पडले नाहीत. चंदाने त्याची आशाच सोडली होती. आणि मग रिटायर झाल्यावर एक दिवस बाबूराव जेवताना म्हणाले, "जरा तिखट कमी टाकत जा."

चंदाला काय आनंद! लगेच समताला फोन. "अगं, तुझे बाबा सुधारले बघ. बिल्कुल बदलले." समताही खूश, ब्लडप्रेशरला चांगलं म्हणाली. खरं तर नागपूरच्या माणसाने तिखट सोडलं तर घरच्यांनी आधी त्याला डॉक्टरपुढे नेऊन उभं करावं. पण मायलेकींनी फोनवर हसून घेतलं. पुढे ज्वारीची भाकरी सुटली. मग पोळी वरणात कुस्करून चालू झाली. वय झालं, पचत नाही, असं बाबूराव म्हणायचे आणि चंदा मान हलवायची.

पाहुणे ठेवायची कल्पना बाबूरावांचीच. एक दिवस मार्केटातून आले आणि म्हणाले, "त्या डॉक्टरबाईशी बोललोय. तिच्या पेशंटना राहायला आणि मऊ खायला लागतं. तू कर. घरात बसून तरी काय करतेस?" चंदा घाबरली. इंग्रजी मोडकंतोडकं, आणि गोऱ्या लोकांना आपलं जेवण चालणार का? पण चाललं, चांगलंच चाललं. मुगाचं पातळ वरण, भाताची पेज, दुधीचं सूप, साबुदाण्याची खीर, सगळं बशी पुसून खायचे. जाताना गळ्यात पडायचे. आयुष्यभर 'मिसेस गजभिये' म्हणून काढलेल्या बाईला साठीच्या उंबरठ्यावर स्वतःचं काम मिळालं. पाहुण्यांबरोबर क्लिनिकला ती जायची, त्यांचा हात धरून बसायची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आता चार बायका तिच्यासाठी खुर्ची सरकवायच्या.

बाबूरावही पाहुण्यांचंच जेवण जेवायला लागले. "दोन दोन स्वयंपाक कशाला करतेस? मला पण तेच वाढ." आणि जेवून झाल्यावर, चंदाला पहिल्यांदा तर आपल्या कानांवर विश्वास बसला नाही, ते म्हणाले, "छान झालंय."

मग ते रोज म्हणू लागले. चंदा ओट्याशी पाठमोरी उभी राहून ऐकायची आणि तिचा चेहरा फुलायचा. खोटं कशाला सांगा, त्या दोन शब्दांसाठी ती सकाळी लवकर उठून डाळ भिजत घालायची.

अशात डोरीन आली. उत्तर इंग्लंडमधल्या कुठल्याशा गावची, बस चालवून रिटायर झालेली, विधवा, हसरी. तिच्या गावात दातांचा सरकारी डॉक्टर नवे पेशंट घेतच नव्हता आणि खाजगी परवडत नव्हता. शेवटी ठणका सहन होईना तेव्हा तिने नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतून पक्कड काढून स्वतःची दाढ स्वतःच उपटली. हे ऐकून चंदाने कपाळावर हात मारला. "विलायतेत पण असं?" डोरीन म्हणाली, विलायतेतच असं. डॉक्टर राधाने तिच्या जबड्यात स्क्रू बसवले. हाडाने ते पक्के धरायला काही महिने लागतात, तेव्हा त्यांच्यावरचे दात नंतर, असं सांगून तिला परत धाडलं. ती गेली तेव्हा थंडी होती.

उन्हाळा लागता लागता ती परत आली. पहिल्याच दुपारी तिघं जेवायला बसली. डोरीन बोलता बोलता थांबली आणि बाबूरावांकडे बघत राहिली. बाबूराव समताच्या लहानपणीचा छोटा चमचा घेऊन, ओठांच्या कोपऱ्यातून भात आत ढकलत होते. जरा ढकलायचे, थांबायचे, पाणी प्यायचे.

"यांच्या दातांचं काय काम चाललंय?" डोरीनने इंग्रजीत विचारलं.

चंदा हसली. "नो नो, काही नाही. ही लाइक्स सॉफ्ट."

डोरीन हसली नाही. म्हणाली, मागच्या वेळी हे मोठ्या चमच्याने जेवत होते. दाढ दुखत होती तेव्हा मीसुद्धा असंच जेवायचे, आणि सगळ्यांना सांगायचे की मला असंच आवडतं.

बाबूरावांना इंग्रजी उत्तम समजायचं. ते ताट तसंच टाकून उठले आणि बाल्कनीत गेले.

रोज बघणाऱ्याला दिसत नाही, ते मध्ये काही महिने नसलेल्या बाईला एका जेवणात दिसलं. चंदा ताटावरून उठली. तीही बाल्कनीत गेली.

"आ करा."

"चंदा, आता नाटक नको."

"मी म्हणते आ करा!"

नवऱ्याशी ती अशा आवाजात कधी बोलली नव्हती. बाबूरावांनी तोंड उघडलं, म्हणजे जेवढं उघडत होतं तेवढं. डॉक्टर राधा कुणाचंही तोंड बघताना आधी त्याचीच तीन बोटं उभी धरून आत जातात का बघायला सांगायची. चंदाने ते कितीदा पाहिलं होतं, पाहुण्यांना समजावूनही दिलं होतं. तिने आपलं एक बोट घातलं. दुसरं गेलं नाही. गालाची आतली बाजू पांढरीफटक दिसली आणि दोरीसारखी ताठ लागली. मागे कुठेतरी बोटाला खडबडीत काही लागलं आणि बाबूराव कळवळले.

तसाच हात धरून ती त्यांना खाली घेऊन गेली.

डॉक्टर राधाने टॉर्च मारून दोन्ही गाल आतून पाहिले. मग म्हणाली, "अंकल, ये कब से है?"

"यही, दो-चार महीने."

तिने टॉर्च ठेवला आणि चंदाकडे वळली. "आंटी, आप तो हर हफ्ते यहाँ आती हैं. एक बार अंकल को भी साथ ले आतीं." ती टाकून बोलली नव्हती. तिचेही डोळे भरले होते. पण चंदाला ते वाक्य चटका बसावा तसं बसलं.

पुढचं सांगायला फार नाही. मोठ्या हॉस्पिटलात गालाचा तुकडा तपासला, फोटो काढले, मानेतल्या गाठी चाचपल्या. कॅन्सर. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. रेडिएशनचा शेक देऊ, त्रास कमी करायचं बघू, असं तिथले डॉक्टर म्हणाले. समता धावत आली, रडली, इंटरनेटवर वाचत बसली, आणि रजा संपल्यावर पुन्हा रडत गेली. केतनचा नागपूरहून फोन आला तेव्हा चंदाने तो उचलला आणि न बोलता ठेवून दिला. त्याची काय चूक? खर्रा मागणारी तीच होती.

या सगळ्यात डोरीनचे दात मात्र ठरल्या दिवशी बसले. सुरेख बसले. पण ती आता टेबलाशी बसेना. एका सकाळी चंदा कचरा टाकायला बाहेर आली, तर डोरीन जिन्याच्या पायरीवर बसून पिशवीतली काकडी खात होती. करकर आवाज येत होता. चंदाला बघून ती ओशाळली आणि काकडी पाठीमागे लपवली. त्या भल्या बाईचा चंदाला इतका राग आला, इतका राग आला, की तिला स्वतःचीच भीती वाटली. ती आत आली आणि सिंकचा नळ सोडून रडली. डोरीन जाताना बाबूरावांच्या पायाशी बराच वेळ उभी होती.

मग पाहुणे बंद झाले. परवा दुपारी डॉक्टर राधाचा फोन आला, आयर्लंडचं एक जोडपं येतंय, आंटी, जमेल का? जमत नसेल तर राहू दे. चंदा नको म्हणाली आणि फोन ठेवला.

"घे," पलंगावरून बाबूराव म्हणाले. दातांवर दात ठेवूनच त्यांना बोलावं लागायचं, शब्द फटीतून यायचे. "पाहुणे घे."

"कशाला? आता कुणाचं करायचंय?"

"मी गेल्यावर काय करशील? काम राहू दे तुझं." मग ते म्हणाले, "मी ते माझ्यासाठी काढलं होतं. पण तुझं झालं ते."

"तुमच्यासाठी म्हणजे?"

बाबूरावांनी भिंतीकडे तोंड केलं. "रिटायर झालो तेव्हाच तोंड आखडलं होतं. भाकरी जात नव्हती. रोज पातळ मागितलं असतं तर तू विचारलं असतंस. घरात पाहुण्यांचं पातळ शिजत असलं की कोण विचारतं?"

चंदाला क्षणभर काही समजलं नाही. मग सगळं समजलं. क्लिनिकमध्ये जाऊन बोलून येणं. एकच स्वयंपाक कर म्हणणं. तिचं काम, तिचा मान, तिची खुर्ची, सगळं एका माणसाने आपलं तोंड लपवायला उभं केलं होतं, आणि ती तिथे मिरवत होती.

"अहो, पण लपवलंत कशाला? कुणापासून? माझ्यापासून?"

"अण्णासाहेबांना बघितलंय मी," बाबूराव म्हणाले. अण्णासाहेब म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. नागपुरात याच दुखण्यात त्यांचा अर्धा जबडा काढला होता आणि तरी ते गेले. "मी होतो त्यांच्याजवळ. आरशात बघायचे नाहीत. नातवंडं जवळ जायची नाहीत. मला तसं नव्हतं मरायचं."

"आणि ते रोज छान झालंय म्हणायचात, ते?"

बाबूरावांनी डोळे मिटले. "आग व्हायची गं नुसती. चव कुठली."

ती पलंगाच्या कडेवर बसली. शिव्या द्याव्या की त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडावं, तिला कळेना. "मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "नुसतं सांगायचं. घरात एकही पाहुणा नसता तरी मी जन्मभर तुम्हाला पातळ करून घातलं असतं."

"माहीत आहे," बाबूराव म्हणाले. "पण तू दवाखान्यात नेलं असतंस."

"नेलंच असतं," चंदा म्हणाली. "ओढत नेलं असतं. तुम्ही मला शिव्या घातल्या असत्या, पुन्हा तोंड पाहिलं नसतं माझं, पण जगला असता हो."