मेधाच्या खांद्यावरचा हात

१३ जुलै, रविवार. मोड आलेले वाल सोलायला बसलेय. भांडं मोठं आहे, घरात दुसरं कुणी नाही, आणि हात असे गुंतले की डोकं नको तिकडे जातं. म्हणून हात पुसून हे लिहायला घेतलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. सांगावंसं वाटलंच नाही असं नाही — पण सांगितल्यावर माझं काय राहील, हा विचार दरवेळी आधी यायचा.

आधी माझं काम सांगते. विरारच्या एका कॉलेजात मी विद्यार्थी कल्याण विभाग बघते. घरून पळालेली, नापास झाल्याचं घरी लपवलेली, परीक्षेच्या धास्तीनं चक्कर येऊन पडलेली, अशी सगळी पोरं शेवटी माझ्या टेबलापाशी येतात. मी कुणाबरोबर रडत बसत नाही. खुर्ची देते, पाणी देते, काय करता येईल ते बघते. माझं नाव चांगलं आहे. इतकं, की आसपासच्या कॉलेजांतल्या नव्या कर्मचाऱ्यांचं दरवर्षी शिबिर भरतं, तेव्हा ‘सहृदय नेतृत्व’ हा विषय मलाच देतात. उद्या सकाळी अकराला पुन्हा आहे.

तिथे मी एक नियम सांगते. विद्यार्थ्याला विचारल्याशिवाय त्याच्या घरी फोन करायचा नाही. ऐकायला सोपा आहे, पण आम्हा कॉलेजवाल्यांना ‘पालकांना घेऊन ये’ याच्यापलीकडे काही सुचत नाही. नियम पटावा म्हणून एक प्रसंगही सांगते. आमच्याकडे एक नवी समुपदेशक होती, एका मुलीनं तिला विश्वासानं काही सांगितलं, ते तिच्या तोंडून बाहेर गेलं, मुलीच्या घरी पोचलं आणि मुलीचं शिक्षण सुटलं. मग जरा थांबून मी म्हणते, चुकलेल्या सहकाऱ्यालाही आपणच सांभाळायचं असतं. इथे माना डोलतात. टाळ्याही होतात.

परवा माझी नवी सहायक उद्याच्या स्लाइड लावता लावता म्हणाली, “मॅडम, त्या समुपदेशक मॅडमना नंतर कुणी समजावलं का हो? बिचाऱ्यांनी किती मनाला लावून घेतलं असेल.”

“मी समजावलं,” मी म्हटलं. लगेच. जराही न अडखळता. आणि ते खरंही आहे — तेच तर सांगायचंय.

मेधा तिचं नाव. आगाशीच्या फुलांच्या वाडीवाल्यांकडे सून म्हणून आलेली, समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, आणि पोरांचं ऐकताना टेबलावर पुढे झुकून बसणारी. मी तिला म्हणायचे, “अगं, एवढी वाकू नकोस, पाठ धरेल.” मुलं आमच्या दारात येऊन विचारायची, “मेधा मॅडम आहेत?” मी समोर बसलेली असताना. मला ते टोचायचं का? थोडं टोचायचं. पण त्याच्यावर काही ढकलणार नाही, कारण पुढे जे झालं ते त्यामुळे झालं नाही.

प्रणाली नावाची मुलगी होती, खाडीकडच्या गावातली, बी. कॉम.ला. हजेरी कमी भरत होती, कारण ती मैदानावर असायची. धावायची, गोळा फेकायची — पोलीस भरतीची तयारी. घरी पत्ता नव्हता. बापाला कळलं तर सगळंच बंद होईल, हे तिनं मेधाला सांगितलं. मेधानं मला सांगितलं, कारण हजेरीत सवलत द्यायचा अधिकार माझा होता. “मॅडम, फक्त तुम्हाला सांगतेय. तिला थोडं सांभाळून घ्या.”

मी हो म्हटलं होतं.

परीक्षा तोंडावर आल्या. हजेरी कमी असलेल्यांच्या घरी फोन करायचं काम ऑफिसात आम्हा सगळ्यांना वाटून दिलं होतं. मी एकामागून एक नंबर फिरवत होते आणि त्या ओघात प्रणालीच्या घरी फोन लावला. विसरले होते का? नाही. लक्षात होतं. एवढंच म्हणणार होते की कॉलेजात येऊन भेटून जा. नेहमीचं वाक्य. पण तिचा बाप ऐकेना. “बाय, माझी पोर रोज कालेजलाच येते. आमची पोर खोटं बोलनार नाय. तुमचंच कायतरी चुकलं असनार.”

तुमचंच चुकलं असनार. बस, एवढंच. मी दिवसभर फोन करून वैतागले होते आणि एक माणूस मला सांगत होता की माझं चुकलंय. मी म्हटलं, “कॉलेजला नाही येत ती. मैदानावर असते. पोलिसात जायचंय तिला. विचारा घरी.”

पलीकडे तो गप्प झाला. मला — लाज वाटते लिहायला — मला क्षणभर बरं वाटलं. जिंकल्यासारखं.

प्रणाली परीक्षेला आलीच नाही. मे महिन्यात तिचं लग्न ठरलंय हे मैत्रिणींकडून कळलं. त्याच्या थोडं आधी ती दाखला न्यायला आली होती. मामा बाहेर उभा होता. ती सरळ मेधाच्या टेबलाशी गेली. आरडाओरडा नाही, काही नाही. “कॉलेजातल्या बाईचा फोन आला होता घरी. मॅडम, मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं.” आणि गेली. मी कपाटापाशी पाठ करून उभी होते. सगळं ऐकलं.

तेव्हा वळून बोलता आलं असतं. दोन शब्द. मुलगी अजून जिन्यातच होती.

मेधा रडायला लागली. तिनं माझ्यावर संशयसुद्धा घेतला नाही हो. ती स्वतःलाच विचारत होती, मी कुणाशी बोलले? कुठे बोलले? मग तिला आठवलं, डबा खाताना ती म्हणाली होती की आपल्याकडची एक मुलगी भरतीसाठी पळतेय. नाव नव्हतं घेतलं. “पण कुणाला कळलं असेल का, मॅडम? कुणी केला असेल फोन?”

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि म्हटलं, “तिथूनच गेलं असेल, मेधा. होतं असं. तू नवीन आहेस. एकटीवर घेऊ नकोस.”

मी तिला तिच्या चुकीची माफी दिली. जी तिची नव्हती. लोकांनी बघितलं, आणि मॅडम किती समजूतदार, असं झालं. तो नियम मी त्यानंतर आठवड्याभरातच केला. मेधानं त्या सत्राअखेर नोकरी सोडली. म्हणाली, पोरांचं ऐकायची आता माझी लायकी नाही. मी थोडा आग्रह केला. थोडाच.

आणि तेव्हापासून दर शिबिरात मी तिची ती चूक सांगतेय.

वाल निम्मे राहिलेत. बोटं सुरकुतली.

सोमवार. सकाळी सातला प्राचार्यांना फोन केला. म्हटलं, आजचं भाषण मी करणार नाही. त्यांनी कारण विचारलं, ते सांगितलं. मग “बरं” म्हणाले.

आगाशीची बस धरली. मेधा ओटीवर सोनचाफ्याची फुलं पानांत बांधत होती. मला बघून हसली, “अय्या मॅडम, तुम्ही?” म्हणत उठायला लागली. मी म्हटलं, बस. उभ्याउभ्याच सांगितलं. प्रणालीच्या घरी फोन मी केला होता. तुझ्या तोंडून काही गेलं नव्हतं. मला तेव्हाही माहीत होतं.

तिच्या हातातला दोरा तसाच राहिला.

“मी तिच्या हळदीला गेले होते,” ती म्हणाली. “माफी मागायला. सगळ्यांसमोर तिनं मला मांडवातून परत पाठवलं.”

हे मला माहीत नव्हतं.

“म्हणजे मी नव्हते,” ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. मग पुन्हा एकदा, हळू, “मी नव्हते.”

आतून तिच्या सासूबाईंनी हाक मारली, “कोण आलंय गं? चहा टाकू?”

मेधानं पुढचं पान ओढलं, त्यावर फुलं मांडली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “नको आई. त्या निघाल्यात.”

मी निघाले.