लांडग्यांशेजारचं कपाट

नव्वदच्या दशकात मी कराडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि पीएचडीसाठी लांडग्यांच्या कवट्या गोळा करत होते. आमचं गाव माण तालुक्यात. तिथं मेंढरं भरपूर, त्यामुळे लांडगेही. कुठं मेलेला लांडगा सापडला की मेंढके वडिलांना सांगायचे. वडील फौजेतून निवृत्त होऊन गावी राहत होते. ते कवटी नीट साफ करून, कापडी पिशवीत घालून, एसटीनं कराडला आणून द्यायचे.

आपल्या माळावरचा लांडगा उत्तरेकडच्या लांडग्यापेक्षा वेगळा आहे का, हा माझा प्रश्न होता. पण आपल्या भागातल्या सगळ्यात जुन्या कवट्या युरोपातल्या एका संग्रहालयात होत्या. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा इंग्रज अधिकाऱ्यानं शिकार करून त्या तिकडं पाठवल्या होत्या. त्या मोजल्याशिवाय माझं काम लंगडंच राहणार होतं.

माझे मार्गदर्शक सर एकदा म्हणाले, "त्या संग्रहालयाची एक योजना आहे. बाहेरच्या देशातल्या अभ्यासकांना बोलावतात. प्रवास, राहणं, सगळं तेच बघतात. अर्ज तर करून ठेवा."

मी अर्ज केला आणि विसरून गेले. काही महिन्यांनी प्राचार्यांच्या खोलीत फॅक्स आला. शिपायानं मला वर्गातून बोलावून नेलं, तेव्हा घरी काही वाईट घडलंय असंच मला वाटलं. कागद वाचूनही तो माझ्यासाठीच आहे हे पटेना. वरचं नाव मी दोनदा तपासलं.

गावी जाऊन सांगितलं तर आई कपाळाला हात लावून बसली. "लांडग्याची टकुरी बघाय इमानातनं न्हेत्यात? आन् पैसं बी त्येंचंच?"

"व्हय, आई."

"लय रिकामी मानसं दिसत्यात."

वडील मात्र गंभीर होते. "त्येंनी भरवसा टाकलाय तुज्यावर. इमानदारीनं काम कर," एवढंच ते म्हणाले.

संग्रहालयाच्या तळघरात लोखंडी कपाटांच्या रांगा होत्या आणि डांबरगोळ्यांचा वास होता. तिथला संग्रह सांभाळणारी बाई पन्नाशीची असेल. मऊ बोलायची. माझं इंग्रजी अडखळलं तर थांबून वाट बघायची. पहिल्या आठवड्यात ती स्वतः खण काढून टेबलावर आणून द्यायची. पुढे तिचा विश्वास बसला. "लांडगे इथं आहेत. तुम्हीच काढत जा," असं म्हणून तिनं किल्ल्या माझ्याकडेच दिल्या.

काम सुरेख चाललं होतं. आपल्या मुलखातली गावं त्या जुन्या चिठ्ठ्यांवर भेटायची. स्पेलिंग चमत्कारिक, पण मोठ्यानं वाचलं की गाव ओळखू यायचं. परक्या तळघरात असं आपलं गाव सापडलं की मला एकटीलाच हसू यायचं.

एके सकाळी लांडग्यांचे खण संपले. शेजारच्या कपाटावर फक्त 'भारत' असं लिहिलं होतं. उरलेले लांडगे यात असतील म्हणून मी ते उघडलं. आत पुठ्ठ्याची खोकी होती. पहिल्याच खोक्याचं झाकण काढलं आणि माझा हात तिथंच थांबला.

माणसाची कवटी होती.

खरं सांगते, आधी भीती वाटलीच नाही. सवयीनं डोळे दातांकडे गेले. दात फारसे झिजले नव्हते. अक्कलदाढ अजून पुरती वर आली नव्हती. म्हणजे अठरा-वीस वर्षांचं माणूस. माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींच्या वयाचं. हे सगळं मनात मांडून झालं आणि मग कपाळाच्या हाडावरची अक्षरं दिसली. काळ्या शाईनं, वळणदार लिहिली होती. 'सातारा जिल्हा.' त्याखाली 'स्त्री.' आणि त्याखाली एक शब्द.

तो आमच्या जातीचा शब्द होता. माझ्या आजोबांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला तेव्हा तो टाकून दिला. आमच्या घरात तो कुणी उच्चारत नसे. शाळेत एकदा एका मुलानं मला त्या नावानं हाक मारली, तर वडील रजेवर आलेले असताना गणवेश घालून हेडमास्तरांना भेटायला गेले होते. तो शब्द इथं, समुद्रापलीकडं, एका पोरीच्या हाडावर होता.

मोजायचा कॅलिपर अजून माझ्या हातात होता. मी तो टेबलावर ठेवला आणि खाली फरशीवर बसले.

थोड्या वेळानं ती बाई आली. मला तशी बसलेली बघून घाबरली, मग उघडं खोकं तिला दिसलं. "माफ करा," ती म्हणाली. "हे दुसऱ्या विभागाचं आहे. जागा नाही म्हणून इथं ठेवलंय."

"ही कशी मेली?" मी विचारलं.

"नोंद नाही. त्या काळी इस्पितळातून, तुरुंगातून अशा कवट्या मिळवत असत."

"मेल्यावर कुणी घ्यायला आलं नाही?"

जवळ येऊन तिनं कपाळावरच्या त्या शब्दाकडं बोट केलं आणि हळूच म्हणाली, "निदान हिचं नाव तरी लिहून ठेवलंय. बाकीच्यांचं तेही नाही."

इतकी वर्षं तिला ते त्या मुलीचं नाव वाटत होतं. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो शब्द काय आहे, तो ज्याला लावला जाई त्या माणसाला गावात कुठं राहावं लागे, पाणी कसं मिळे, हे मला तिला सांगावं लागलं. सांगताना माझा आवाज सपाट निघत होता. शेवटी तिनं दोन्ही हातांनी झाकण लावलं.

उरलेले दिवस मी लांडगे मोजले. आकडे बरोबर आले. त्याचंच मला आश्चर्य वाटत राहिलं.

परत आल्यावर बरेच दिवस मी घरी काही बोलले नाही. एका रविवारी गावी अंगणात वडिलांना सगळं सांगितलं. लढाईत त्यांनी मेलेली माणसं पाहिली होती. त्यांनी विचारलं, "परत मागितलीस का?"

"कुठल्या नात्यानं मागू, दादा? मी तिची कोण?"

"नातं त्येंनीच लिव्हलंय की कपाळावर."

खर्च देणाऱ्यांना भेटीचा अहवाल पाठवायचा होता. लांडग्यांबद्दल लिहून झाल्यावर मी शेवटी त्या मुलीबद्दल एक परिच्छेद लिहिला आणि तिला परत पाठवण्याची विनंती केली. सरांनी तो वाचून चष्मा काढला. "तुमचं दुःख मला कळतं. पण यांनी योजनाच बंद केली तर? आपल्या पुढच्या पोरांनी जायचं कसं?"

त्यांचं खोटं नव्हतं. दोन दिवस मला झोप लागली नाही. तरी मी तो परिच्छेद तसाच ठेवला.

उत्तर आलं. लांडग्यांच्या मोजमापांबद्दल त्यांनी आभार मानले होते. दुसऱ्या बाबीसाठी सध्या कोणतीही पद्धत ठरलेली नाही, असं एका ओळीत कळवलं होतं. योजना बंद झाली नाही. पुढच्याच वर्षी आमच्या विभागातली एक मुलगी गोगलगायी बघायला तिकडंच गेली. जाण्याआधी मी तिला त्या कपाटाबद्दल सांगितलं. न सांगता पाठवणं मला जमलं नाही.

कपाटातली ती पोर मात्र परत आली नाही. मी आणखी दोनदा लिहिलं. काही झालं नाही.

त्यानंतरच्या पौर्णिमेला वडिलांनी तिच्यासाठी गावच्या विहारात वंदना ठेवली. मोजकीच माणसं होती. भन्तेजींनी मृताचं नाव विचारलं, तेव्हा वडील म्हणाले, "नाव म्हाईत न्हाई. आपली लेक समजा." भन्तेजींनी मान हलवली आणि सुरुवात केली.

घरी जाताना आई माझ्या बरोबरीनं चालत होती. वाटेत तिनं विचारलं, "तिला लेकरं असतील का गं?"

"हाडावरनं ते कळत न्हाई, आई."

"असतील," आई म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसत पुढं झाली.