सड्यावरचा बेडूक, झाडीतला पतंग

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. अशा मुलानं दोन वर्षं प्राणिशास्त्र शिकून लगेच लिहायला बसावं, हा आगाऊपणाच. आधीच माफी मागतो. पण आज सांगलीतल्या खोलीत उसाचं पाचट जाळल्याचा धूर शिरला आणि पाटणकडचा आमचा सडा आठवला. अभ्यासात मन लागेना.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या खडकाचं सपाट रान. तिथल्या कपारींत कोयनेच्या नावानं ओळखला जाणारा टोड राहतो. अंगठ्याएवढा, तांबूस, खरबरीत अंगाचा बेडूक. पावसाळ्यात खडकावर साचलेल्या बोटभर पाण्यात त्याची अंडी. सड्याच्या कडेला झाडी लागते, तिथं चंद्रपतंग. फिकट पोपटी, लांब शेपट्यांचा. पंख फुटल्यावर तो काही खात नाही, आठवडाभर जगतो आणि संपतो. दिवा दिसेल तिकडं जातो, उंबऱ्यात पडून राहतो. बेडूक मात्र आपली जागा सोडत नाही. सोडून जाईल कुठं? आमच्याकडं दोघंही विरळ होत चाललेत. अधिक कीव कुणाची करावी, मला अजून ठरवता आलेलं नाही. बहुधा असं ठरवायचंच नसतं.

उन्हाळ्यात सडा पेटवायची आमच्याकडं रीत. राखेवर गवत जोमानं येतं, अशी समजूत. त्या आगीत कपारीतले बेडूक होरपळतात, पानांत गुंडाळलेले पतंगाचे कोशही. म्हणून संक्रांतीला गेलो तेव्हा पारावर चुलत्यांना म्हणालो, "आवं तात्या, यंदा सडा पेटवू नगा."

फौजेतून निवृत्त झालेले तात्या हसले. "बेडकापायी म्हसरं उपाशी मारू व्हय रं? कॉलेजात ह्येच शिकिवत्यात?"

"त्याच्यासंगं लगीनच लाव गड्या!" शेजारचे म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो.

तरी रोज तेच सांगत राहिलो, थकेपर्यंत. निघताना एसटीजवळ तात्या म्हणाले, "मी न्हाई लावणार. दुसऱ्याचं सांगत न्हाई."

तेव्हापासून जीव टांगणीला आहे. डोंगराला माणसाची सवय व्हायला पिढ्या गेल्या असतील. माणसाला डोंगराची व्हायला अजून किती जातील, कोण जाणे.

एवढं लिहिलं आणि फोन वाजला. तात्यांचा आवाज बसला होता.

"खालच्या अंगानं कुणीतरी लावली रं. हिरवं डहाळं घिऊन बडवत ऱ्हायलो. झाडीत शिरू दिली न्हाई. सडा मातुर समदा गेला."