वर केलेले बोट

कुलूप उघडताना किल्लीवाला मागे वळून पाहत नसे. एका हाताने तारेवर धरलेला ताण सैल झाला की आतल्या खिट्ट्या खाली पडतात आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून कुणी हाक मारली, की तो मोकळ्या हाताचे बोट वर करी: थांबा. त्याच्या भागीदारालाही तीच सवय होती. दोघे एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. भागीदार गोरा होता. किल्लीवाला काळ्या वर्णाच्या लोकांपैकी, चार पिढ्या या शहरात काढूनही "मूळचे कुठले?" हा प्रश्न त्यांना चुकलेला नव्हता.

एका दुपारी कुणा शिक्षिकेची किल्ली घरात राहिली. बोलावलेल्या किल्लीवाल्याला दारापाशी बसवून बाई खालच्या मजल्यावर गेल्या. अंधाऱ्या जिन्यात अनोळखी माणूस दिसला म्हणून कुणीतरी पोलिसांना फोन केला.

"हात वर कर," मागून हवालदार म्हणाला.

किल्लीवाल्याने बोट वर केले.

"ऐकू येत नाही का?"

"झालंच साहेब, शेवटची खिट्टी."

आवाज चढला, मग काठी चालली. बाई धावत वर आल्या तेव्हा त्याचे मनगट मोडले होते आणि कुलूप होते तसेच बंद होते.

दोष कुणाचा, हे चौकशीत ठरायचे होते. किल्लीवाल्याच्या वकिलाने बजावले, "बोटाचं काढू नका. आदेश ऐकूच आला नाही म्हणा."

"खोटं बोलणं ह्यांना जमलं असतं," बायको म्हणाली, "तर आपलं दुकान आज हमरस्त्यावर असतं."

त्याने खरे तेच सांगितले. मग भागीदार उभा राहिला. "त्याच्या महिनाभर आधी त्याच जिन्यात मी काम करत होतो. हेच साहेब आले. मीही बोट वर केलं."

"मग?" चौकशी अधिकाऱ्याने विचारले.

"साहेब थांबले. अंधार होता म्हणून बॅटरी धरली."

हवालदाराने ते नाकारले नाही. "ते वेगळं होतं," तो म्हणाला. काय वेगळे होते, हे त्याला कुणी विचारले नाही. विचारले असते तरी बहुधा त्याला स्वतःलाही सांगता आले नसते. आदेश पाळला गेला नाही, बळाचा वापर नियमाला धरून होता, असा निष्कर्ष निघाला.

हाड सांधले, पण बोटांची जाण परतली नाही. आता कुलपे भागीदार उघडतो आणि किल्लीवाला शेजारी उभा राहून बॅटरी धरतो.

"नीट धर की, हलतेय."

"हवालदाराइतकी छान जमायला," किल्लीवाला म्हणतो, "थोडा वेळ लागेल."