पुढल्या रविवारी वाचू

आमच्या जळगावच्या घरातला मोरीचा नळ सहा वर्षं गळत होता. नळाखाली बादली, ती भरली की उचलून झाडांना, मग पुन्हा रिकामी बादली नळाखाली, असा आमचा रोजचा क्रम. नाना, म्हणजे माझे वडील, यांना प्लंबर बोलवा म्हटलं की ते डोळे मिटून मान हलवत आणि म्हणत, "प्रार्थना करतो." एकदा मी वैतागून म्हटलं, बोटाच्या पेराएवढ्या वॉशरसाठी देवाला कशाला त्रास देता. त्यावर त्यांनी माझ्यासाठीही प्रार्थना केली, माझा स्वभाव निवळावा म्हणून.

गंमत म्हणजे हा माणूस आयुष्यभर पोस्टात होता. दुसऱ्यांचं पत्र एक दिवस पडून राहिलं तरी त्यांना जेवण जात नसे. घरी आले की मात्र सगळं प्रभूच्या वेळेवर. फ्रिज आला तो आईनं विचारायचं सोडून दिल्यावर. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती अंदाजानं पोळ्या लाटत होती. आम्ही ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासून, आणि आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, नानांना फार मान. त्यांच्याइतका धीराचा माणूस नाही, असं सगळे म्हणायचे. त्या धीराच्या घरात राहायला कुणी आलं नव्हतं, म्हणून म्हणायचे.

माझ्या लग्नाचंही तेच झालं. मी धरणगावच्या शाळेत गणित शिकवते, रोज सकाळच्या पॅसेंजरनं जाऊन-येऊन. पंचविसाव्या वर्षापासून स्थळं येत होती. प्रत्येक वेळी पाहुणे चहा पिऊन, शेव-चिवडा खाऊन गेले की नाना म्हणत, "प्रार्थना करतो." आठ-पंधरा दिवसांनी निरोप यायचा, काय ठरलं? नाना म्हणत, "अजून मनाला शांती मिळत नाही." आता शांती मिळाली नाही म्हटल्यावर आमच्यात कुणी वाद घालत नाही. मुलाच्या पगारावर बोट ठेवलं असतं तर भांडता आलं असतं, रंगावर ठेवलं असतं तर मीच दोन शब्द सुनावले असते. पण शांतीशी कसं भांडणार? पाहुणे वाट बघून दुसरीकडे सोयरीक करत, आणि त्यांच्या लग्नाचं आमंत्रण आलं की नाना आहेर घेऊन वेळेच्या आधी हजर.

आई होती तोवर ती मधूनमधून तोंड उघडायची. ती गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मी सदतीस वर्षांची झाले.

पहूरची आत्या, नानांची धाकटी बहीण, ही याच्या उलट टोकाला. ती हल्ली एका मोठ्या आवाजाच्या प्रार्थनासभेत जायला लागली होती. तिथे वाट बघणं म्हणजे अविश्वास. जे हवं ते मोठ्यानं मागायचं आणि मिळालंच असं समजून आभार मानून मोकळं व्हायचं. आत्यानं कपाटाच्या दारावर आतून एका पांढऱ्या गाडीचं चित्र चिकटवलं होतं. माझ्यासाठी तिनं परदेशातला डॉक्टर मागितला होता. मागितला म्हणजे काय, मिळालाच. ती आली की माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या डॉक्टरबद्दल आभार मानायची, आणि मी खाली मान घालून दुसऱ्या दिवशीच्या वह्या तपासायच्या आहेत याचा विचार करायची. एक सगळं पुढे ढकलणारा भाऊ आणि एक सगळं आधीच झालं म्हणणारी बहीण, या दोघांमध्ये माझं लग्न अडकलं होतं. दोघंही माझ्यासाठी मनापासून प्रार्थना करत होते, हे त्यातलं सगळ्यात वैतागाचं.

तो मला धुळ्यात भेटला. खानदेशातल्या मंडळ्यांचा मेळावा होता, मोठा मांडव, आणि बाहेरगावच्या एका पाहुण्या पाळकांचं धीर धरण्यावर प्रवचन चाललं होतं. ऐन भरात माइक बंद पडला, पंखे थांबले. पाळकसाहेब म्हणाले, ही सुद्धा परीक्षाच समजा, आपण शांतपणे वाट बघू. चार-पाचशे माणसं डोळे मिटून घामाघूम बसली. मी डोळे उघडे ठेवले होते. पुरुषांच्या बाजूनं एक जण उठला, चपला हातात घेतल्या आणि पुढच्या माणसाला हळूच म्हणाला, "तुम्ही प्रार्थना करा, मी वायर दखस." पाच मिनिटांत पंखे फिरायला लागले. पाळकसाहेबांनी देवाचे आभार मानले. तो मागे येऊन बसला तेव्हा त्याच्या शर्टाला काळं लागलं होतं. मला इतकं हसू आलं की तोंडाला पदर लावावा लागला.

दोंडाईच्यात त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटरी तो भरून देतो. एकेचाळीस वर्षांचा, धाकट्या तिन्ही बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. जेवणाच्या रांगेत बोलणं झालं, मग फोनवर होत राहिलं. तो रीतसर आईला घेऊन घरी आला. नानांनी कौतुकानं मोटरींबद्दल विचारलं, त्यांना आग्रह करकरून भरीत-भाकरी वाढली. पाहुणे गेल्यावर नाना काय म्हणाले हे मी सांगायला नको.

त्यावर दोन वर्षं गेली. रोज पहाटे नाना खोलीचं दार लोटून गुडघ्यावर बसत. मी चपला हातात घेऊन त्यांच्या दारासमोरून जायची, आवाज नको म्हणून. आत माझ्याच आयुष्याचं काहीतरी ठरत होतं ना. संध्याकाळी आले की त्यांच्या तोंडाकडे बघायची. शांती मिळाल्याचं चिन्ह काही दिसायचं नाही.

खरं सांगायचं तर माझीही त्यात सोय होती. नाना ठरवत नाहीत म्हटलं की मला ठरवावं लागत नव्हतं. फोनवर तो एकदा म्हणाला, "मोटर जळनी ते शेतकरी दोन वरीस वाट दखस का? त्याले आजच पानी जोयजे." मी म्हटलं, नानांना दुखवून नको. त्यानं दुकानातली चालू मोटर बंद केली. मग म्हणाला, "मनं काही नही. पन मनी मायले आते धीर नही." त्याच्या आईनं ईस्टरनंतर दुसरीकडे बोलणी करायचं ठरवलं होतं. तिची काही चूक नव्हती. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा नानांचा नाही, माझा राग आला.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये ते जाहीर करावं लागतं. त्याला बॅन्स म्हणतात. अमक्याची मुलगी, तमक्याचा मुलगा, यांचा विवाह योजला आहे, कोणाची रास्त हरकत असेल तर कळवावी. तीन वेळा वाचून झालं की मग लग्न. आणि आमची मंडळी जुन्या वळणाची, भस्म बुधवारी उपवासाचे चाळीस दिवस लागले की ईस्टरपर्यंत लग्न लावत नाहीत. मी कॅलेंडर बघितलं. भस्म बुधवारच्या आधी नेमके तीन रविवार उरले होते. एक जरी हुकला तरी गणित चुकणार होतं.

मी त्याला फोन करून तसं सांगितलं, शनिवारी शाळेतून परस्पर पाळकसाहेबांकडे गेले, फॉर्म भरला आणि सही केली. त्यांनी विचारलं, "नाना बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत. त्यांनी अभिनंदन केलं आणि चिठ्ठी सूचनांच्या फाइलमध्ये घातली. नानांना माहीत आहे का, हे त्यांनी विचारलंच नाही. सेक्रेटरींची मुलगी, सेक्रेटरींना माहीत नसेल असं त्यांच्या मनातही आलं नसणार.

कारण आमच्या मंडळीचे सेक्रेटरी नाना. दर रविवारी सूचना वाचतात तेही नानाच.

मला वाटलं होतं, ते उपासनेआधी फाइल चाळतील, रागावतील, मला बाजूला बोलावतील. पण फाइल आधी चाळणं म्हणजे घाई, आणि नाना घाई करत नाहीत. दान गोळा झालं, नाना पुढे आले, चष्मा चढवला. स्त्री-मंडळाची सभा गुरुवारी. रविवारच्या शब्बाथ शाळेच्या मुलांची सहल. मग त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली आणि त्याच खणखणीत आवाजात सुरू केलं, पुढील विवाहाचे बॅन्स पहिल्यांदा जाहीर करण्यात येत आहेत. वराचं नाव वाचलं, दोंडाईचा वाचलं. वधूच्या नावाशी थांबले. त्या नावापुढे त्यांचंच नाव होतं.

मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होते. नानांनी चिठ्ठीची घडी केली, फाइलच्या तळाशी ठेवली आणि म्हणाले, "ही सूचना पुढल्या रविवारी वाचू."

मी उभी राहिले. बॅन्सच्या वेळी उभं राहतो तो हरकत घेणारा, त्यामुळे माझ्या शेजारच्या बाईनं माझा पदर धरून मला खाली ओढायचा प्रयत्न केला. पाळकसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. माझा आवाज शाळेत फळ्यासमोर निघतो तसा निघाला.

"नाना, पुढल्या रविवारी नाही, आज. हरकत असेल तर हरकत म्हणून सांगा, सगळ्यांसमोर. मी ऐकून घेईन. पण वाचायचं थांबवू नका."

नानांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला. पुसायला इतका वेळ लावला की मला ओरडावंसं वाटलं. मग तळातली चिठ्ठी काढली, उलगडली आणि पहिल्यापासून वाचली. स्वतःचं नाव वाचताना आवाज जरा बसला, एवढंच. कोणाची हरकत असेल तर कळवावी, इथवर आले आणि थांबले. एरवी ते इथे एक श्वास घेतात. त्या दिवशी ते बाकांवरून नजर फिरवत राहिले, जणू कुणीतरी उठावं. कुणी उठलं नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी अजून उभीच होते. "बस," ते म्हणाले, आणि सहलीला मुलांनी डबा आणावा ही राहिलेली सूचना वाचली.

घरी आल्या आल्या मी वांगी भाजायला घेतली. रागानं हात इतका चालत होता की दाणे कुटताना निम्मे खाली सांडले. नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी मागे न वळता म्हटलं, "दोन वर्षं, नाना. दोन वर्षं रोज पहाटे विचारताय. देवानं एक हो किंवा नाही सांगायला इतकी वर्षं लावली?"

"मी विचारलंच नाही," नाना म्हणाले.

मी वळले.

"तुझ्या लग्नाचं विचारलंच नाही त्याला. याचंही नाही आणि तुझी आई गेल्यावर जी स्थळं आली त्यांचंही नाही." ते चौकटीला धरून उभे होते. "उत्तर काय येईल ते ठाऊक होतं."

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. बरंच बोलले, आणि चांगलं नव्हतं. मी आणखी बारा वर्षं चपला हातात घेऊन चालले असते तरी चाललं असतं, पण खोटेपणासाठी नाही, असं काहीतरी. ते ऐकत राहिले. वांगी गॅसवर करपून कोळसा झाली. शेवटी मी विचारलं, मग रोज तासभर आत गुडघ्यावर बसून काय मागत होतात?

नानांनी जरा विचार केला. इथेही.

"तुझी सकाळची गाडी वेळेवर यावी," ते म्हणाले. "थंडीची तू फलाटावर उभी राहतेस."

पुढचे दोन्ही रविवार बॅन्स त्यांनीच वाचले, न अडखळता. भस्म बुधवारच्या आदल्या दिवशी आमचं लग्न झालं. आत्यानं वधस्तंभासमोर डॉक्टर बदलून मिळाल्याबद्दल आभार मानले. माझ्या नवऱ्यानं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी जळगावच्या घरी मोरीत बसून नळाचा वॉशर बदलला. दहा मिनिटं लागली. नाना शेजारी उभे राहून बघत होते, आणि झाल्यावर बादली कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना.

आता मी दोंडाईच्याहून जाते, त्याच मार्गावर, उलट्या बाजूनं. शाळा तीच. रोज सकाळी मी फलाटावर पोचले की फोन वाजतो. ते दुसरं काही विचारत नाहीत.

"गाडी आली का?"

"अजून नाही, नाना."

"बरं," ते म्हणतात, आणि फोन ठेवत नाहीत. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं तसेच थांबतो, मी फलाटावर आणि ते एकट्या घरात, आणि गाडी आली की मीच सांगते, नाना, आता ठेवा.