पायरीखालच्या चपला

विठ्ठलवाडीच्या ज्या ऑर्केस्ट्रा बारमध्ये मी वर्षानुवर्षं कीबोर्ड वाजवला, तो पाडला तेव्हा शेजारच्या मेडिकलवाल्याने सुटकेचा निश्वास टाकला. परिसर आता फॅमिलीसाठी चांगला झाला, म्हणे. आम्ही काय आभाळातून पडलो होतो? आमच्या गायिकाही पोरांच्या जेवणाचं उरकूनच कामावर यायच्या.

स्टेजवर चढताना त्या चपला पायरीखाली काढायच्या आणि पायरीला हात लावून कपाळाला लावायच्या. माझी जागा त्या पायरीलगतच. कोण आलंय, कोण आजारी आहे, कोणाचा पट्टा पुन्हा तुटलाय, हे मला मान वर न करता कळायचं. बार गेला आणि त्या पांगल्या. एकीचाही फोन लागेना. घरी एकटाच वाजवायला बसलो की नजर सवयीने खाली जायची. खाली फक्त माझ्याच चपला.

मग त्या जागेवरच्या नव्या भिंतीसाठी सुशोभीकरण समितीने लोकांकडून कल्पना मागवल्या. मी चित्र काढून नेलं. फुटपाथच्या कडेला सिमेंटची एक पायरी आणि तिच्याखाली बायकांच्या सिमेंटच्याच चपला, बाकी काही नाही. अध्यक्षांना ते फार आवडलं.

"भाविकांच्या चपला ना? छान, पवित्र वाटतं."

नुसती मान हलवली असती तर काम झालं असतं. पण मग त्या बायका पुन्हा एकदा पुसल्या गेल्या असत्या, आणि या वेळी माझ्या हाताने.

"नाही साहेब, बारमध्ये गाणाऱ्या बायकांच्या."

कोणी रागावलं नाही. चहा आला, माझ्यापुढे मात्र ठेवला नाही. महिन्याभरात भिंतीवर फ्लेमिंगो रंगवले गेले.

परवा संध्याकाळी तिथे गेलो. काय वाटलं कोण जाणे, भिंतीपुढे चपला काढून उभा राहिलो. भाजीची पिशवी घेतलेल्या एक मावशी थांबल्या. त्यांनीही चपला काढल्या, फ्लेमिंगोंना हात जोडले आणि विचारलं, "कोणाचं देऊळ होतं, भाऊ?"

"देऊळ नाही मावशी, बार होता. बायका गायच्या इथे."

वाटलं, आता तरातरा निघून जातील. पण त्या तशाच अनवाणी उभ्या राहिल्या.

"चांगल्या गायच्या?"

आजवर हे मला कोणीच विचारलं नव्हतं. 'हो' म्हणालो आणि नजर सवयीने खाली गेली, तर माझ्या चपलांशेजारी त्यांच्याही चपला होत्या.